खेळणें कोणी ठेवावें?

श्रावणी अमावास्या झाली, पोळा फुटला आणि दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळाहि आटोपला. ज्या वाचकांचें आयुष्य पुण्यामुंबईकडे गेलें त्यांस ‘तान्हा पोळा’ हा शब्द कदाचित् नवा वाटेल, म्हणून प्रथम त्याविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. पोळा हा खऱ्या बैलांचा सण. तान्हा पोळा हा मुलांच्या लाकडी बैलांचा. आमच्या नागपूर-वऱ्हाडकडे सुतारानें घडविलेला, चाकांच्या फळीवर उभा असलेला बैल मुलें रंगवितात, त्याच्या शिंगांस बेगड लावितात, पाठीवर झूल घालतात, गळ्यांत घुंगरमाळ बांधतात आणि दोरीनें ओढीत तोरणाखालीं आणतात. तेथून पुढें घरोघर बैलाची पूजा होते व मुलांच्या हातावर बोजारा पडतो. हा मुलांचा पोळा नागपूरचे दुसरे रघूजीराजे भोसले, ज्यांचा अंत १८१६ सालीं झाला, त्यांनीं सुरू केला असें परंपरेनें सांगतात. आमच्या सेलू तालुक्यांतील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा तर दूरवर प्रसिद्ध आहे. तेथील कांहीं नंदी इतके मोठे असतात कीं ते एकट्या मुलास ओढवत नाहींत. मोठीं माणसेंच दोरास हात लावितात.

हा सण आम्हांस दरवर्षीं एक प्रश्न विचारून जातो. मुलाच्या हातांतील ही दोरी कोणत्या वर्षीं सुटावी? आणि ती कोणी सोडवावी? प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात त्या घरांत तो दरवर्षीं कोणत्या ना कोणत्या निमित्तानें उभा राहतो, आणि बहुतेक वेळां त्याचा निकाल न विचार करतां दिला जातो. आम्हींहि असा एक निकाल दिला होता. त्याची हकीकत सांगितल्यावांचून पुढें बोलण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

आमच्या घरांतील बैल सागाचा आहे. आमच्या वडिलांनीं तो आमच्या थोरल्या बंधूंसाठीं करविला. त्यांच्याकडून तो आमच्याकडे, आमच्याकडून मुलांकडे आणि मुलांकडून नातवंडांकडे आला. एक शिंग दोनदां बदललें, चाकें किती वेळां बदललीं याची गणती नाहीं. तीन वर्षांपूर्वीं तो थोरल्या नातवाकडे होता. नातू तेव्हां बारा वर्षांचा, सातवींत. पोळ्याच्या आठ दिवस आधीं मोठ्या सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, हा आतां माझ्या खांद्याला लागला. अजून बैल ओढीत गल्लीनें जायचें म्हणजे लोक हंसतील. यंदा धाकट्याला देऊन टाकूं या.” धाकटा म्हणजे आमच्या दुसऱ्या चिरंजिवांचा मुलगा, वय वर्षें पांच. तोहि महिनाभर बैलासाठीं हट्ट धरून बसला होता. आम्ही जन्मभर मास्तरकी केलेली; निकाल देण्याची संवय हाडांत मुरलेली. आम्हीं नातवास हांक मारिली आणि सांगितलें, “बाळ, तूं आतां मोठा झालास. बैल धाकट्याला दे.” त्यानें “हो, आजोबा” म्हटलें, माडीवरून बैल खालीं आणला आणि धाकट्याच्या पुढ्यांत ठेविला. तो रडला नाहीं, उलट बोलला नाहीं. “पाहिलेंस ना, किती शहाण्यासारखें दिलें!” असें आम्ही सूनबाईंस कौतुकानें म्हणालोंहि.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशीं धाकटा बैल घेऊन निघाला तेव्हां बैलाच्या गळ्यांत घुंगरमाळ नव्हती. सर्व घर धुंडाळलें. शेवटीं सुतळींत दोन पितळी घुंगरें ओवून वेळ मारून नेली. पुढें दिवाळीच्या सुमारास आमच्या सौ. मुलांचीं दप्तरें आवरीत असतां थोरल्याच्या कंपासपेटींत ती माळ निघाली; कागदांत नीट गुंडाळलेली. त्यांनीं ती होती तशीच परत ठेविली आणि रात्रीं आम्हांस सांगितलें. वर एवढेंच म्हणाल्या, “त्यानें दिला नव्हता, तुम्हीं घेतला होता.”

त्या वर्षीं नातू आमच्याशीं पूर्वीप्रमाणेंच बोले, पूर्वीप्रमाणेंच नमस्कार करी. परंतु पूर्वीं रंगीत गारगोटी सांपडली तरी ती धांवत आणून दाखविणारा मुलगा आतां आपली कोणतीहि वस्तु घेऊन आमच्या खोलींत येईनासा झाला. त्याच्या बालबुद्धीनें एक साधें अनुमान काढलें होतें: आजोबांच्या दृष्टीस पडलेली वस्तु आपली राहीलच असें नाहीं. गेलेला बैल घरांतच होता. पण गेलेला विश्वास कोठें शोधावयाचा?

धर्मशास्त्राकडे पाहिलें तर मुलाच्या वाढीच्या पायऱ्या तेथें आंखून दिलेल्या आहेत. गर्भापासून आठव्या वर्षीं उपनयन. त्या दिवशीं मातृभोजन, म्हणजे आईच्या पानांत शेवटचें जेवण. ज्यानें मुंजीच्या घरीं तो प्रसंग डोळ्यांनीं पाहिला आहे त्यास ठाऊक आहे कीं, जमलेल्या बायकांचे डोळे तेथें ओले होतात. परंतु त्या बटूनें दुसऱ्या दिवशीं आपल्या गोट्या कोणाच्या स्वाधीन कराव्या, याचा विधि आमच्या वाचनांत कोठें आलेला नाहीं. अध्ययनाचा आरंभ शास्त्रानें ठरविला. खेळाचा शेवट ठरविण्याच्या भरीस तें पडलें नाहीं.

कविकुलगुरूंची दृष्टिहि हीच दिसते. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांत लहानगी पार्वती मैत्रिणींबरोबर मंदाकिनीच्या वाळूंत ओटे रचते, चेंडू खेळते, बाहुल्यांशीं रमते. लगेच पुढच्या श्लोकांत विद्या तिच्याकडे आपण होऊन चालत येते आणि त्यापुढें यौवन येतें. हिमवान् किंवा मेना मध्यें येऊन चेंडू काढून घेत नाहींत. शाकुंतलाच्या सातव्या अंकांत सिंहाच्या छाव्याशीं झोंबणाऱ्या सर्वदमनास तापसी दटावतात. पण तेवढ्यानें भागत नाहीं असें पाहून त्याच्यासाठीं रंगविलेला मातीचा मोर आणावयास पाठवितात. सिंहाशीं खेळणाऱ्या मुलासाठींहि मातीचा मोर! धैर्य वाढलें म्हणून खेळणें सुटलें असें नव्हे. मुलाच्या आंत दोन्हीं वयें कांहीं काळ एकत्र नांदत असतात, हें त्या महाकवीनें जाणलें होतें. तें आम्ही तीस वर्षें वर्गांत शिकवीत होतों. घरीं मात्र विसरलों.

मुलांच्या बाबतींत आमची चूक एका घुंगरमाळेवर निभावली. मुलींच्या बाबतींत आपल्या समाजानें केलेली चूक याहून फार मोठी आहे. आनंदीबाई जोशी यांचा विवाह १८७४ सालीं वयाच्या नवव्या वर्षीं झाला. रमाबाई रानडे यांचा १८७३ सालीं अकराव्या वर्षीं. हीं नांवें इतिहासांत राहिलीं म्हणून आपणांस ठाऊक आहेत. अशाच लक्षावधि मुलींची बाहुली लग्नाच्या मुहूर्तानें संपली, त्यांची कोणी नोंद ठेविली नाहीं. १८९१ सालीं संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेण्याचा कायदा झाला, तेव्हां केवढें रण माजलें हें सुशिक्षितांस सांगावयास नको. पुढें १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या विवाहाचें किमान वय चौदा ठरविलें. आणि १९८९ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें बालकांच्या हक्कांची जी सनद केली, जी भारतानें १९९२ सालीं मान्य केली, तिच्या एकतिसाव्या कलमांत खेळ हा मुलाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. जी गोष्ट पार्वतीस मागावी लागली नाहीं ती कायद्यांत लिहावी लागली, हें मनांत आणण्यासारखें आहे.

आमची आजी शारदा कायद्याच्या कांहीं वर्षें आधीं, नवव्या वर्षीं सासरीं आली. तिची भातुकली माहेरच्या फडताळांत राहिली. ती ऐंशी वर्षांची झाली तरी त्यांतील एकेक जिन्नस बोटांवर मोजून सांगे: चूल, परात, पोळपाट-लाटणें, झारा, उलथणें, जातें, पाण्याचा बंब. मोजतां मोजतां एखादें नांव आठवलें नाहीं तर तिचा सगळा दिवस बेचैनीत जाई. आम्ही मुलें तेव्हां हंसत असूं. पांच मुलें, अठरा नातवंडें, भरल्या घराची किल्ली कमरेला असलेली ती बाई, आणि तिचा जीव एका चिमुकल्या बंबांत अडकलेला! आज आम्हांस त्याचा अर्थ लागतो. जी वस्तु माणूस आपल्या हातानें खालीं ठेवितो ती तो विसरूं शकतो. जी हातांतून काढून घेतली जाते ती आयुष्यभर हातांतच राहते.

इंग्लंडांतील प्रसिद्ध बालवैद्य व मनोवैद्य डॉ. डोनाल्ड विनिकॉट यांनीं १९५१ सालीं वाचलेल्या एका निबंधांत लहान मुलांच्या आवडत्या चिंधीचा व बाहुलीचा विचार केला आहे. मुलास जी चिंधी प्राणाहून प्रिय असते, ती मळली तरी जाणती आई धुवीत नाहीं, आणि ती टाकूनहि देत नाहीं, असें त्यांचें निरीक्षण आहे. योग्य काळीं त्या वस्तूचें महत्त्व आपोआप ओसरतें. मूल तिला विसरतहि नाहीं आणि तिच्यासाठीं शोकहि करीत नाहीं. आपल्याकडे हीच गोष्ट मृत्युंजयमंत्रांतील काकडीच्या दृष्टांतानें सांगतां येईल. फळ पिकलें म्हणजे देंठापासून सहज सुटतें. कच्चें तोडलें तर वेलालाहि ओरखडा पडतो.

मग फळ पिकलें हें ओळखावें कसें? येथें आम्हांस शाळेंतला अनुभव उपयोगी पडला. वर्गांत भोवरा फिरविला, गोट्या वाजविल्या, कीं मास्तर त्या जप्त करीत, आम्हींहि केल्या. आमच्या टेबलाचा खण वर्षाअखेरीस त्यानें भरून जाई. परीक्षा संपली म्हणजे ज्याचें त्यानें घेऊन जावें असा आमचा नियम होता. पांचवींतील मुलें घंटा होतांच येऊन उभीं राहत. सहावींतील मुलें सगळे गेल्यावर हळूच येत. सातवींतील बहुतेक मुलें येतच नसत. त्यांचे भोवरे खणांत पडून राहत, आणि तेच आम्ही पुढें लहान मुलांस वांटून टाकीत असूं. जो मागावयास येत नाहीं त्याचें खेळणें संपलें, असा आम्ही ठोकताळा बांधला होता. पण एके वर्षीं सातवींतून उत्तीर्ण होऊन दुसऱ्या गांवीं जावयास निघालेला एक विद्यार्थी दाखला घेतल्यावर दारांत घुटमळला आणि खालमानेनें म्हणाला, “गुरुजी, माझा भोवरा.” सबंध वर्ष तो लाजेनें आला नव्हता. सुदैवानें भोवरा शिल्लक होता. लाज आणि विरक्ति यांत अंतर आहे. वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षीं मूल पुष्कळ गोष्टी मित्रांच्या भयानें टाकतें आणि रात्रीं उशाखालीं घेऊन झोंपतें. म्हणून मूल काय बोलतें यापेक्षां कोणी पाहत नसतां काय करतें, हें पाहिलें पाहिजे.

याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. हल्लींच्या पुष्कळ घरांत खेळणीं फार लवकर सुटतात आणि आईबाप म्हणतात, “आमच्या मुलाला आतां यांत गोडी नाहीं, तो मोठा झाला.” तेथें खेळणें सुटलेलें नसतें, बुडालेलें असतें. प्रत्येक वाढदिवसाला दहा नवीं खेळणीं आलीं म्हणजे कोणतेंच जीव लावण्याइतकें जुनें होत नाहीं. आणि तीन वर्षांच्या मुलाच्या हातीं भ्रमणध्वनि दिला म्हणजे लाकडी बैल त्यापुढें मुका ठरतो. मृच्छकटिकांतील रोहसेन आठवा. त्यास मातीची गाडी नको झाली ती तो मोठा झाला म्हणून नव्हे, तर शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहिली म्हणून. असा कंटाळा हें वाढीचें लक्षण नव्हे. सावंतवाडीचीं रंगीत लाकडी फळें काय किंवा आमच्याकडचा सुताराचा बैल काय, थोडीं व टिकाऊ खेळणीं असलीं तरच ‘केव्हां ठेवावें’ हा प्रश्न निघतो. जें कधीं घट्ट धरलेंच नाहीं तें सोडावयाचें काय?

आणखी एक. हात रिकामा झाला म्हणजे त्यांत दुसरें कांहीं यावें लागतें. आमच्या जिल्ह्यानें याचें उत्तर एकदां सबंध देशापुढें ठेविलें होतें. वर्धा येथें २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं महात्माजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें तिच्या ठरावांस अनुसरून योजना आंखली. सात ते चौदा वर्षांच्या मुलामुलींचें शिक्षण हस्तव्यवसायाच्या द्वारें व्हावें हा तिचा गाभा. ती योजना पुढें का मागें पडली हा स्वतंत्र विषय आहे. पण मुलांच्या हातीं टकळी देण्यांत एक मर्म होतें. टकळी भोवऱ्यासारखीच फिरते. फरक इतकाच कीं तिच्या फिरण्यांतून सूत निघतें. मुलाच्या बोटांस जो आनंद भोवऱ्यांत मिळत होता तोच पुढें कामांत मिळाला तर भोवरा कोणास हिसकावून घ्यावा लागत नाहीं. आजच्या घरांत टकळी नसेल. पण स्क्रू पिळण्याचें पेंचकस आहे, सुईदोरा आहे, कुंडींतलें रोप आहे, स्वयंपाकघरांतला एखादा खरा पदार्थ आहे. ज्या मुलीच्या हातीं खरी कणीक आली तिची भातुकली आपोआप धाकटीकडे जाते; मात्र ही कणीक मुलाच्याहि हातीं यावी.

या सर्वांवरून आम्हीं आपल्या घरापुरते जे नियम केले ते वाचकांपुढें ठेवितों. पहिला: खेळण्याचें वय आम्ही ठरवीत नाहीं, ज्याचें खेळणें त्यास विचारतों, आणि तेंहि चारचौघांत नव्हे, एकट्यास. दुसरा: मूल “नको” म्हणालें तरी तें खेळणें एका पोळ्यापासून दुसऱ्या पोळ्यापर्यंत माळ्यावर राहतें. त्या वर्षांत त्याची आठवण निघाली नाहीं तरच तें घराबाहेर जातें. तिसरा: देणें झालें तर तें मुलाच्या हातानें होतें, धाकट्या भावंडास असो कीं मोलकरणीच्या मुलास असो. मोडकें खेळणें दान म्हणून देऊं नये. तें आधीं दुरुस्त करावें आणि त्या कामांत मुलास बरोबर घ्यावें. चौथा: प्रत्येकास एक वस्तु कायमची ठेवण्याची मोकळीक आहे, मग तो साठ वर्षांचा कां होईना. या नियमाखालीं आमच्याहि पेटींत एक भोवरा निघाला, हें सांगावयास आम्हांस संकोच वाटत नाहीं. आणि धाकट्याचा हट्ट? त्यास सुताराकडून लहानसा दुसरा बैल करून द्यावा. खर्च थोडा आहे. थोरल्याच्या मनाची किंमत त्याहून अधिक आहे. एकत्र कुटुंबांत एका मुलाचें समाधान दुसऱ्याच्या खिशांतून करण्याची जी आपणांस खोड आहे ती पुढें मोठेपणीं भावाभावांत उगवते.

यंदाच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळीं थोरला नातू ओसरीवर बसून धाकट्याच्या बैलाचीं शिंगें रंगवीत होता. तो आतां पंधरा वर्षांचा आहे. रंग वाळल्यावर त्यानें खिशांतून ती घुंगरमाळ काढली आणि कोणास न सांगतां बैलाच्या गळ्यांत बांधली. धाकटा टाळ्या पिटूं लागला. आम्हीं जवळ जाऊन म्हटलें, “बाळ, त्या वर्षीं आम्हीं घाई केली. आमचें चुकलें.” त्यानें वर पाहिलें, “कोणतें, आजोबा?” एवढें विचारलें आणि पुन्हां कुंचला हातीं घेतला. तो खरेंच विसरला होता कीं आमची लाज राखीत होता, हें आम्हांस कळलें नाहीं. दोहोंपैकीं कोणतेंहि असलें तरी तो मोठा झाला होता, आणि तें आम्हीं ठरविलें नव्हतें.

दिवाळीची साफसफाई आतां जवळ आली आहे. माळ्यावरचीं खोकीं खालीं येतील, भंगारवाला दारांत हांक देईल, आणि ‘हें कशाला हवें आतां’ असें कोणी तरी म्हणेल. वाचकहो, तें खोकें बांधण्यापूर्वीं ज्याचें आहे त्या मुलास एकदां घरांत बोलवा, आणि झांकण त्यालाच उघडूं द्या.